डोळे आले, पण नेमके कोणते आले?

वर्षावासात संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चं वाचन चालतं. मागे बसलेल्या बाया एका कानाने ऐकतात आणि दुसरा कान पोरांकडे ठेवतात. गेल्या पावसाळ्यात पोखर्णीला अशाच एका संध्याकाळी पाच-सहा वर्षांचं एक पोरगं सारखं डोळे चोळत होतं. आईने पदराने त्याचे डोळे पुसले. त्याच पदराने मांडीवरच्या तान्ह्या पोरीचं नाक पुसलं, आणि उकडत होतं म्हणून स्वतःचं तोंडही पुसलं. आठवडाभरात त्या ओळीतल्या सहा घरांत डोळे आले. कुणी म्हणालं, पोराच्या डोळ्यात पाहिलं म्हणून आले. कुणी म्हणालं, हवाच खराब आहे. पदराचा विषय कुणी काढला नाही.

डोळे येणं हा आपल्याकडे फार साधा आजार समजला जातो. आठ दिवसांत जातो, त्यासाठी मजुरी कोण बुडवणार? बहुतेक वेळा हे खरंही असतं. अडचण अशी आहे की डोळा लाल झाला की आपण सगळ्यालाच ‘डोळे आले’ म्हणतो. विषाणूने झालेली साथ, पू होणारा जंतुसंसर्ग, उन्हाळ्यातली खाज, चुलीच्या धुराने झालेली आग, ऊसाच्या पात्याने कापलेलं बुबुळ या सगळ्यांना एकच नाव आणि एकच बाटली. यातले काही डोळे काही न करता बरे होतात. काही डोळे मात्र चार दिवस उशीर झाला तर कायमचे जातात. म्हणून कोणता डोळा कोणत्या कारणाने लाल झाला, हे घरातल्या बाईला ओळखता आलं पाहिजे.

साथीचे डोळे

२०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आलेली साथ सगळ्यांना आठवत असेल. पुण्याजवळच्या आळंदीत थोड्याच दिवसांत हजारो लोकांचे डोळे आले. त्यात शाळकरी आणि एकत्र राहणारी मुलं पुष्कळ होती. मग ती साथ राज्यभर पसरली, बुलढाणा जिल्ह्यात तर सगळ्यांत जास्त रुग्ण नोंदले गेले. राज्याचा आकडा लाखाच्या वर गेला. ही नोंद फक्त दवाखान्यात पोचलेल्यांची. आपल्या वस्तीतले किती पोचतात, ते आपल्याला माहीत आहे.

अशी साथ नवी नाही. १९६९ साली आफ्रिकेतल्या घाना देशात डोळ्यांची एक वेगळीच साथ सुरू झाली. डोळा लाल तर व्हायचाच, पण पांढऱ्या भागावर रक्ताचे ठिपके आणि डाग पडायचे. त्याच दिवसांत अमेरिकेचं अपोलो यान चंद्रावर उतरलं होतं, म्हणून तिथल्या लोकांनी या आजाराचं नावच ‘अपोलो’ ठेवलं. १९७१ मध्ये ही साथ भारतात आली. बांगलादेशाच्या मुक्तियुद्धामुळे निर्वासितांचे लोंढे बंगालमध्ये येत होते, म्हणून तिथे तिला ‘जय बांगला’ म्हणू लागले. आजही बंगालमध्ये डोळे आले की म्हातारी माणसं हेच नाव घेतात. आजाराला परक्याचं, गरिबाचं, निर्वासिताचं नाव द्यायची खोड सगळीकडे सारखीच.

त्याच साथीत मुंबईत डॉ. नोशिर वाडिया यांना एक गोष्ट दिसली. डोळे येऊन गेल्यावर काही दिवसांनी मोजक्या रुग्णांच्या पायांतली ताकद गेली, पोलिओसारखी. १९७२-७३ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ते ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. हे फार क्वचित होतं, घाबरायचं कारण नाही. पण डोळे बरे झाल्यावर काही दिवसांत किंवा काही आठवड्यांत कंबर दुखून पाय लुळे वाटू लागले, तर ‘अशक्तपणा आहे’ म्हणून सोडून देऊ नका आणि डॉक्टरांना डोळ्यांचं आवर्जून सांगा.

साथीचे डोळे असे ओळखा. आधी एक डोळा, एक-दोन दिवसांत बहुतेक दुसराही. डोळ्यात वाळू गेल्यासारखं खुपतं. पाणी खूप येतं, घाण पातळ असते. पापण्या सुजतात. कधी कानापुढे छोटी दुखरी गाठ लागते, कधी सर्दी, घसा, थोडा ताप. नजर मात्र साफ असते, पाणी पुसलं की नीट दिसतं. हे विषाणूचं काम आहे. अँटिबायोटिकच्या थेंबाने विषाणू मरत नाही. एका प्रकारात पाच-सात दिवसांत आराम पडतो, दुसऱ्या प्रकारात दोन-तीन आठवडेही लागतात. थंड पाण्याच्या पट्ट्या, स्वच्छता, विश्रांती आणि डॉक्टरांनी दिले तर डोळा ओला ठेवणारे साधे थेंब, एवढाच इलाज. महाग बाटली घेतली म्हणून तीन दिवसांत बरं होत नाही.

आता नजरेचं. डोळे आलेल्या माणसाकडे पाहिल्याने डोळे येत नाहीत. काळा चष्मा रुग्णाला उजेडाचा त्रास होऊ नये म्हणून असतो. तो घातल्याने दुसऱ्याचा बचाव होत नाही. रोग जातो तो हाताने, पदराने, टॉवेलाने, उशीने, काजळाच्या डबीने, मोबाइलने, हापशाच्या दांड्याने. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला त्या समाजाने तरी नुसत्या नजरेने रोग लागतो असं मानू नये. रुग्णाशी बोला, त्याच्यासमोर बसा, त्याला जेवायला वाढा. फक्त हात धुवा.

पू येणारे डोळे

सकाळी उठल्यावर पापण्या घट्ट चिकटलेल्या, उघडताच येत नाहीत, पिवळा-हिरवट घट्ट पू, पुसला की तासाभरात पुन्हा तेवढाच. हे बहुतेक जिवाणूंचं काम असतं आणि लहान मुलांत जास्त दिसतं. इथे अँटिबायोटिकचे थेंब किंवा मलम उपयोगी पडतं, पण ते डॉक्टरांनी पाहून द्यायचं आणि सांगितलेले दिवस पूर्ण घालायचं. दोन दिवसांत पू थांबला म्हणून बाटली कोनाड्यात ठेवून देतात आणि चार महिन्यांनी शेजारणीच्या पोराला घालतात. उघडलेली बाटली महिन्याभरानंतर फेकायची. बाटलीवर उघडल्याची तारीख पेनाने लिहा, कागद चिकटवून लिहिली तरी चालेल.

तान्ह्या बाळाचं मात्र वेगळं आहे. जन्मल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळाच्या डोळ्यात पू आला, पापण्या सुजून डोळा उघडेना, तर त्याच दिवशी दवाखाना. रात्र झाली असेल तर रात्रीच. बाळंतपणाच्या वाटेने आईकडून आलेले काही जंतू दोन-तीन दिवसांत बाळाचं बुबुळ खाऊन टाकतात. अशा वेळी डॉक्टर आई-बापालाही तपासायला सांगतात, कारण तो संसर्ग दोघांत असू शकतो. इथे सासू रुसते, नवरा संतापतो, बाई गप्प होते. बाळाचे डोळे वाचवायचे असतील तर दोघांनी औषध घ्यायचं, एवढंच. कुणी ‘मागच्या जन्मीचं काही असेल’ म्हणालं तर त्याला सांगा, मागच्या जन्मीच्या कर्माचा हिशेब बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात साफ नाकारलाय. जंतूचा हिशेब याच आठवड्यातला आहे.

बाळाच्या एका डोळ्यातून नुसतं पाणी येत असेल, लाली नसेल, तर बहुतेक डोळ्यातून नाकात जाणारी नळी पूर्ण उघडलेली नसते. नाकाजवळ बोटाने मालिश कशी करायची ते आरोग्य सेविकेकडून शिकून घ्या. अंगावरचं दूध बाळाच्या पोटासाठी अमृत आहे, डोळ्यात घालायचं औषध नाही.

आणखी एक. पोराला ताप आहे, खोकला, नाक गळतंय आणि दोन्ही डोळे लाल, तीन-चार दिवसांनी कानामागून पुरळ निघालं, तर ते नुसते डोळे नाहीत, तो गोवर असू शकतो. गोवरात बुबुळ खराब होऊन मुलं आंधळी होतात, विशेषतः कुपोषित मुलं. त्यांना अ जीवनसत्त्वाचा डोस लागतो. ‘देवी आली’ म्हणून लिंबाचा पाला टांगून घरात ठेवू नका. गोवराची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान मिळते, अंगणवाडीत, फुकट.

खाजेचे डोळे

दरवर्षी उन्हाळा लागला की काही पोरं, त्यात मुलगे जास्त, डोळे चोळचोळून लाल करतात. पांढरा भाग मळकट तपकिरी दिसतो, डोळ्यातून चिकट दोऱ्यासारखा पदार्थ निघतो. खाज हीच याची खूण. ही ॲलर्जी आहे, लागण नाही. अशा पोराला शाळेतून घरी पाठवू नये. मास्तरांनाही हे सांगावं लागतं. धूळ-उन्हात टोपी, थंड पट्ट्या, चोळणं बंद आणि डॉक्टरांनी दिलेले ॲलर्जीचे थेंब. हा आजार पुढे वय वाढलं की बहुतेकांचा आपोआप जातो. पण तोवर जे होतं, त्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

लाली घालवणारी बाटली

मेडिकलवर जाऊन ‘डोळे आलेत, काहीतरी द्या’ म्हटलं की बऱ्याचदा जी बाटली मिळते तिच्यात अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांची नावं. स्टेरॉइड वाईट नाही. डोळ्याचे डॉक्टर डोळा तपासून, दिवस मोजून ते देतात आणि त्याने डोळे वाचतात. पण न तपासता घातलेलं स्टेरॉइड फार फसवतं, कारण त्याने लाली पटकन जाते. माणसाला वाटतं, गुण आला.

एक ऊसतोडीची बाई मला आठवते, तिशीची असेल. फडात पाचटाचं पातं डोळ्याला लागलं. मुकादम म्हणाला, डोळे आलेत. टोळीतल्या कुणाकडे उरलेली बाटली होती, तिने ती घातली. दोन दिवस ठणका कमी झाला, लाली उतरली. ती परत कोयता घेऊन फडात. पाचव्या दिवशी बुबुळावर पांढरा ठिपका दिसला. दवाखान्यात आली तेव्हा तो ठिपका मोठा होऊन वाटाण्याएवढा झाला होता. पात्याबरोबर बुरशी आत गेली होती आणि स्टेरॉइडने त्या बुरशीला मोकळं रान दिलं होतं. डॉक्टरांनी डोळा शाबूत ठेवला, पण त्या डोळ्याला आता फक्त उजेड-अंधार कळतो. ती मला एवढंच म्हणाली, “सिस्टर, लाली तर गेली होती ना.”

गंगाखेड, परभणी, पाथरी पट्ट्यातून ऊसतोडीला, कापूस वेचायला, मळणीवर जाणाऱ्या आपल्या लोकांच्या डोळ्यात काय काय जातं! ऊसाचं पातं, ज्वारीचं कूस, तुरीचं भुसकट, फवाऱ्याचं औषध, बांधकामावरचा चुना-सिमेंट. डोळ्याला काही लागल्यावर, काही आत गेल्यावर डोळा लाल झाला तर ते डोळे येणं नव्हेच. औषध, चुना किंवा सिमेंट गेलं तर आधी जागेवरच भरपूर स्वच्छ पाण्याने वीस-तीस मिनिटं डोळा धुवत राहायचं, पापणी उलगडून, मगच गाडी शोधायची. पात्याचा ओरखडा असेल तर न चोळता, काही न घालता, त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर.

त्या उन्हाळी खाजेच्या पोरांचंही असंच होतं. स्टेरॉइडने खाज लगेच थांबते, म्हणून आई दर महिन्याला तीच बाटली आणते. दोन-तीन वर्षांत डोळ्यातला दाब वाढतो, आतली नस वाळते. हा काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, कळतो तेव्हा नजर गेलेली असते आणि गेलेली नजर परत येत नाही. दहावीत फळ्यावरचं दिसेना म्हणून चष्मा मागायला आलेल्या मुलाचं हे निदान झालेलं मी पाहिलंय.

म्हणून बाटली हातात आली की आधी शाळेत जाणाऱ्या पोरीकडून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचून घ्या. नावाच्या शेवटी बऱ्याचदा ‘डी’ किंवा ‘डेक्सा’ असतं, खाली औषधांची नावं असतात. वरच्या तीन नावांपैकी एखादं दिसलं आणि डॉक्टरांनी डोळा तपासून चिठ्ठी दिलेली नसेल, तर बाटली परत करा. दुकानदार चिडला तर चिडू द्या.

अंजनाची काडी

आपल्याकडे डोळ्यात घालायच्या वस्तूंची यादी मोठी आहे. मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी, तुरटीचं पाणी, हळद, बकरीचं दूध, कुठल्याशा झाडाचा चीक. यातलं काहीही लाल डोळ्यात घालू नका. चीक तर बुबुळ जाळतो. आणि काजळ. आजी एकाच डबीत बोट बुडवून चार नातवंडांना काजळ घालते. बाळाला शोभतं, नजर लागत नाही असं तिला वाटतं. तिला एक जुनी गोष्ट सांगा.

विनयपिटकातल्या महावग्गात औषधांचं एक प्रकरण आहे. एका भिक्खूला डोळ्यांचा आजार होतो आणि बुद्ध अंजन वापरायची परवानगी देतात. मग डब्या उघड्या राहतात, त्यांत गवत-धूळ पडते. बुद्ध झाकण लावायला सांगतात. भिक्खू बोटाने अंजन घालतात, त्याने डोळे दुखू लागतात. बुद्ध काडी वापरायला सांगतात. जंतू हा शब्द कुणाला ठाऊक नव्हता तेव्हाची ही गोष्ट. त्रास कशाने होतो ते पाहायचं आणि तेवढं बदलायचं, मंत्र नाही की उतारा नाही. आज आपण बाटलीचं टोक डोळ्याला टेकवतो, झाकण हरवतो आणि बोटाने काजळ घालतो. थेंब घालताना खालची पापणी ओढून, बाटली वरून धरून, टोक कुठेही न टेकवता एकच थेंब टाकायचा. आजीला वाटलंच तर काजळाचा टिळा बाळाच्या तळपायाला लावावा.

एका खोलीत कसं करायचं

आरोग्य खात्याची पत्रकं ‘रुग्णाला वेगळ्या खोलीत ठेवा’ म्हणतात. आपल्याकडे खोली एकच आणि माणसं सात. तरी जमतं. रुग्णाची झोपण्याची जागा भिंतीकडेची ठरवा, त्याची उशी किंवा उशाखालचं कापड वेगळं. टॉवेल तर वेगळाच. जुन्या सुती साडीचे तळहाताएवढे वीस-पंचवीस तुकडे करा, पातेल्यात उकळा, उन्हात वाळवा, डब्यात ठेवा. डोळा पुसायला उकळून गार केलेल्या पाण्यात तुकडा भिजवायचा, नाकाकडून कानाकडे एकदाच पुसायचं, तुकडा बाजूला. दुसऱ्या डोळ्याला दुसरा तुकडा. वापरलेले पुन्हा उकळा. पदराची, रुमालाची गरजच पडत नाही.

हात धुवायला नळ नसेल तर तांब्याने कुणीतरी पाणी घालावं, धुणाऱ्याने साबण वीस-तीस सेकंद चोळावा. बादलीत हात बुडवून धुणं म्हणजे सगळ्या घराला वाटणं. रुग्णाला थेंब घालण्याआधी आणि नंतर, दोन्ही वेळा. उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढणाऱ्या वस्तीला ‘वारंवार हात धुवा’ सांगताना मला स्वतःलाच अवघड वाटतं. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर आपण पाण्याचा हक्क घेतला, तो नळाच्या तोटीपर्यंत पोचायला अजून काही वस्त्या बाकी आहेत. हे ग्रामसभेत बोलायचं काम आहे, आणि डोळ्यांची साथ आलेली असताना बोललं तर जास्त ऐकलं जातं, असा माझा अनुभव आहे. घाण पाणी आणि माश्यांमुळे पूर्वी गावागावांत खुपऱ्या असायच्या, पापण्या आत वळून बुबुळ घासायच्या, माणसं आंधळी व्हायची. ऑक्टोबर २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातली खुपऱ्यांची समस्या संपल्याचं जाहीर केलं. त्यात औषधांचा वाटा आहे, तसा पाण्याचा आणि संडासांचाही आहे.

डोळ्यातून पाणी आणि घाण येते तोवर मुलाने शाळेत, अंगणवाडीत, वसतिगृहाच्या पंगतीत जाऊ नये. विहारातही नको. घरी बसून वाचलेलं चालतं.

थांबायचं नाही

पुढचं काही दिसलं तर घरी वाट पाहू नका. डोळा नुसता खुपत नाही, ठणकतोय. पाणी पुसल्यावरही धूसर दिसतंय. उजेडात डोळा उघडवत नाही. बुबुळावर पांढरं फूल पडल्यासारखं दिसतंय. डोळ्याला मार लागलाय. एकच डोळा लाल, अर्धं डोकं फुटतंय, उलट्या होतायत आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसतंय, हा अचानक वाढलेला काचबिंदू असतो आणि आम्लपित्ताच्या गोळ्या घेत रात्र काढली तर सकाळी डोळा गेलेला असतो. चाळिशीपुढच्या बायांत तो जास्त. आणि तान्हं बाळ.

प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय इथे १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, केसपेपरचेही पैसे लागत नाहीत. कुणी मागितले तर पावती मागा. पोखर्णीहून परभणीला एसटी आहे, रेल्वे आहे, तिथे सरकारी रुग्णालयात डोळ्याचे डॉक्टर मिळतात. फोनवर सल्ला हवा तर १०४, गाडी हवी तर १०८. जाताना आधी घातलेली बाटली सोबत न्या, रागावतील म्हणून लपवू नका. डॉक्टरांना पहिलं तेच पाहायचं असतं.

त्या सहा घरांतले डोळे दहा-बारा दिवसांत बरे झाले. आता विहाराच्या दारात एक बादली, एक तांब्या आणि दोरीला बांधलेला साबण असतो. साबण महिन्यातून दोनदा चोरीला जातो, आम्ही पुन्हा बांधतो.